साहित्यकृती म्हणून आज्ञावली : स्वयंसेवी मुक्तस्रोत प्रकल्पांचे स्वामित्व आणि बंगळूरचा अनुभव

भारतीय कायद्याने संगणकाच्या आज्ञावलीला 'साहित्यकृती' ठरवले, या घटनेची साहित्याच्या अभ्यासकांनी जितकी दखल घ्यायला हवी होती तितकी घेतलेली दिसत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील साहित्यकृतीच्या व्याख्येत १९८४ च्या दुरुस्तीने तक्ते व संकलने यांच्या जोडीला आज्ञावली आणून बसवली. १९९४ च्या दुरुस्तीने आज्ञावली म्हणजे काय हे स्वतंत्रपणे सांगितले. त्याच सुमारास झालेल्या ट्रिप्स कराराच्या दहाव्या कलमाने आज्ञावलीला बर्न करारातील साहित्यकृतीचे संरक्षण देणे सर्व सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक केले. परिणामी कादंबरी, कविता, रेल्वेचे वेळापत्रक आणि मुद्रकयंत्र चालवणारी आज्ञावली ही चार अपत्ये कायद्याच्या दृष्टीने एकाच कुळातली झाली. या कुळात प्रवेश देताना कायद्याने साहित्याची जी कल्पना गृहीत धरली होती, ती एका लेखकाची, एका हस्ताक्षराची आणि एका मृत्युदिनांकाची होती. ज्यांना पगार नाही, करार नाही, पुष्कळदा एकमेकांचे खरे नावही ठाऊक नाही, अशा शेकडो जणांनी मिळून रचलेल्या आज्ञावलीला ही कल्पना कशी लागू करायची, हा प्रश्न नंतर आला. त्याचा भारतातील इतिहास पाहायचा तर बंगळूरकडे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

आज्ञावली साहित्य आहे काय, हा वाद प्रथम अमेरिकेत झाला आणि त्यात एक साहित्यिक विरोधात उभा राहिला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अमेरिकी संसदेने नेमलेल्या आयोगाने १९७८ च्या अहवालात आज्ञावलीला प्रताधिकार द्यावा अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य, 'हिरोशिमा'चे लेखक जॉन हर्सी यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की लेखन माणसाशी बोलते, तर आज्ञावली अखेरीस यंत्राला कामाला लावते. या दोहोंना एकाच छत्राखाली घेतल्याने लेखनाच्या संकल्पनेचीच हानी होईल. हर्सी यांचे मत मागे पडले आणि १९८० मध्ये अमेरिकी कायदा बदलला. हर्सी यांचा मुद्दा अर्धाच खरा होता असे आज म्हणावे लागते. मुक्तस्रोत प्रकल्पातील आज्ञावली यंत्र चालवतेच, पण तिची मूळ संहिता दुसऱ्या माणसाने वाचावी, समजावी, बदलावी याचसाठी खुली ठेवलेली असते. वाचक हा येथे संभाव्य सहलेखक असतो. ज्या गुणाच्या अभावी हर्सी आज्ञावलीला साहित्य मानायला तयार नव्हते, तोच गुण या प्रकल्पांत प्रकर्षाने आढळतो. कायद्याची अडचणही नेमकी येथूनच सुरू होते.

भारतीय कायद्यात 'संयुक्त कर्तृत्वाची कृती' अशी एक कोटी आहे. दोन वा अधिक लेखकांच्या सहकार्यातून झालेली आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही अशी कृती, हे तिचे लक्षण. या कोटीवरचा भारतातील सर्वांत उद्बोधक वाद साहित्याच्याच क्षेत्रातला आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या 'इंडिया विन्स फ्रीडम' या आत्मकथनाची सीलबंद ठेवलेली सुमारे तीस पृष्ठे प्रकाशित करण्यावरून नजमा हेपतुल्ला विरुद्ध ओरिएंट लाँगमन हा दावा दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला व १९८९ मध्ये त्याचा निर्णय प्रसिद्ध झाला. आझाद उर्दूत सांगत, हुमायून कबीर ते इंग्रजीत लिहीत, मग दोघे मिळून मसुदा तपासत. न्यायालयाने या निकट बौद्धिक सहकार्याला संयुक्त कर्तृत्वाच्या दृष्टीने पाहिले. आझाद हेच एकमेव लेखक, हा दावा मान्य झाला नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे अनुवाद, श्रुतलेखन आणि लेखन यांच्या सीमारेषा न्यायालयात तपासल्या गेल्या याचेच कुतूहल वाटेल. आज्ञावलीच्या संदर्भात मात्र या निर्णयाचे महत्त्व मर्यादेमुळे आहे. आझाद आणि कबीर एका खोलीत बसत होते, एका हेतूने काम करत होते. स्वयंसेवी प्रकल्पात एकाने २००० साली लिहिलेला भाग दुसरा २००७ साली दुरुस्त करतो. दोघांची भेट झालेली नसते आणि पहिल्याला दुसऱ्याच्या दुरुस्तीचा पत्ताही नसतो. याला 'सहकार्य' म्हणायचे, की एका कृतीवरून दुसरी कृती निर्माण झाली असे म्हणायचे? पहिले म्हटले तर सर्वजण मिळून एका अविभाज्य हक्काचे धनी होतात. दुसरे म्हटले तर थरांवर थर रचलेली हक्कांची उतरंड तयार होते, आणि वरच्या प्रत्येक थराचे अस्तित्व खालच्या थराच्या परवानगीवर अवलंबून राहते. व्यवहारात दुसरेच चित्र अधिक आढळते.

मराठी वाचकाला येथे आपल्या परंपरेतील एक प्रसंग आठवल्यावाचून राहणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या पाठांची शुद्धी केली आणि पुढे कोणी त्यात स्वतःच्या ओव्या मिसळू नयेत असे बजावले. मुक्तस्रोत प्रकल्पात ज्याला 'देखभालकर्ता' म्हणतात, त्याचे काम याहून फार वेगळे नसते: आलेल्या भरीतून काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवणे, आणि एका प्रतीला अधिकृत म्हणून मान्यता मिळवून देणे. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा कर्त्याचे श्रेय सांगते, पण प्रत करण्यास मनाई करत नाही; परवान्याच्या आरंभी येणारी नावांची ओळही पुष्कळसे तेच करते. तुलना याहून पुढे ताणू नये. एकनाथांचा अधिकार संप्रदायाने व काळाने मानला, त्यामागे दिवाणी न्यायालय नव्हते. मुक्त परवान्यामागे न्यायालय आहे, किंबहुना प्रताधिकार नसेल तर हा परवाना अर्थशून्य होतो. जो हक्क मुळात माझा आहे तोच मी अटी घालून इतरांना देऊ शकतो, या तत्त्वावर ही सारी इमारत उभी आहे.

बंगळूरमध्ये या प्रश्नाला मूर्त रूप आले ते सिम्प्युटरच्या निमित्ताने. भारतीय विज्ञान संस्थेतील संगणकशास्त्राचे चार प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या स्थानिक कंपनीतील अभियंते यांनी ग्रामीण माणसाला परवडेल आणि निरक्षरालाही वापरता येईल असा हातातला संगणक कल्पिला. त्यासाठी त्यांनी १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला आणि २५ एप्रिल २००१ रोजी बंगळूरमध्ये यंत्र लोकांपुढे ठेवले. यंत्रावर लिनक्स होते. येथे लक्षणीय आहे ती कायदेशीर मांडणी. प्राध्यापकांनी हक्क स्वतःच्या नावे ठेवले नाहीत, कंपनीलाही दिले नाहीत. विश्वस्त संस्था हे तिसरे रूप त्यांनी निवडले. यंत्राच्या रचनेसाठी त्यांनी जीपीएलच्या धर्तीवर स्वतंत्र परवाना लिहिला, ज्यात शुल्क देऊन रचना घेणाऱ्याने आपल्या सुधारणा ठराविक मुदतीनंतर सर्वांना परत द्याव्यात अशी तरतूद होती. आज्ञावलीसाठी जन्मलेली कल्पना तांब्याच्या तारांना लावण्याचा तो एक आरंभीचा प्रयत्न होता. सिम्प्युटरला बाजारात यश मिळाले नाही, आणि त्याच्या अपयशाची कारणमीमांसा हा येथील विषय नव्हे.

यंत्र मागे पडले, पण त्याचा एक अंश टिकला. निरक्षराला संगणकाने वाचून दाखवावे यासाठी रमेश हरिहरन यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरमध्ये 'ध्वनि' ही लिखित मजकुराचे उच्चारण करणारी आज्ञावली तयार झाली होती. ती जीपीएलखाली असल्याने पुढे संतोष तोट्टिंगल यांनी, स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग या केरळातील स्वयंसेवी गटाच्या परिसरातून, तिची देखभाल हाती घेतली. हिंदी-कन्नडपुरती मर्यादित असलेली आज्ञावली मलयाळम, तमिळ, तेलुगू, बंगाली, गुजराती, ओडिया, पंजाबी आणि मराठीपर्यंत पोहोचली. म्हणजे मराठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या एका मुक्त आज्ञावलीचे मूळ बंगळूरच्या एका फसलेल्या यंत्रात आहे आणि तिचे संवर्धन केरळातील स्वयंसेवकांच्या हातून झाले आहे.

या छोट्या आज्ञावलीचा मालक कोण, हा प्रश्न विचारून पाहावा. मूळ भाग संस्थेतील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी लिहिला असे धरले, तर कायद्याचे सतरावे कलम पुढे येते. नोकरीच्या ओघात झालेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, नियोक्ता असतो. मग अध्यापकाचे संशोधन नोकरीच्या ओघात येते काय? विद्यार्थी तर नोकरच नसतो. हक्क ट्रस्टकडे गेले असतील तर ते लेखी व स्वाक्षरीयुक्त अभिहस्तांकनानेच जाऊ शकतात, कारण एकोणिसावे कलम तोंडी हस्तांतर मानत नाही. नंतर आलेल्या प्रत्येक भाषेच्या घटकाचा हक्क ज्याने तो लिहिला त्याचा. सारांश, 'ध्वनि'चा कोणी एक मालक सांगता येत नाही; परवान्याने एकत्र बांधलेली मालकांची एक साखळी तेवढी सांगता येते. साखळीतील कोणालाही इतरांचा भाग विकता येत नाही, कोणालाही सर्वांच्या वतीने परवाना बदलता येत नाही, आणि तरीही कोणालाही ती वापरण्यास कोणाची मनाई नाही. ही अवस्था दोषाची आहे की गुणाची? आज्ञावलीच्या जगातील पुष्कळ जण तिला गुणच मानतात, कारण जिचा कोणी एक मालक नाही ती कोणी विकत घेऊन बंद करू शकत नाही. हे मत बहुतांशी बरोबर आहे. मात्र त्याची किंमत परवाना बदलण्याची वेळ आली की कळते.

त्यासाठी अक्षरटंकांचा इतिहास उपयोगी पडतो. २००३ मध्ये बंगळूरच्या सायबरस्केप मल्टिमीडिया या कंपनीने आपल्या 'आकृती' संचातील नऊ भारतीय लिप्यांचे टंक जीपीएलखाली मुक्त केले. त्यात देवनागरीही होती. मुंबईच्या इंडिकट्रान्स गटाने 'गार्गी' हा देवनागरी टंक त्याच परवान्याखाली दिला. पुण्यातून रेड हॅट कंपनीने जोपासलेले 'लोहित' टंकही आरंभी जीपीएलखालीच होते. पुढे टंकांना जीपीएल सोयीचा नाही, दस्तऐवजात टंक अंतर्भूत केला की परवान्याचा अन्वय संदिग्ध होतो, असे लक्षात आले आणि २०११ मध्ये 'लोहित' खास टंकांसाठी असलेल्या ओपन फाँट परवान्याखाली आणले गेले. हक्क एका हाती एकवटलेले असले की असा बदल एका निर्णयाने होतो. याउलट मोझिलाने आपल्या आज्ञावलीचा परवाना बदलायला घेतला तेव्हा शेकडो जणांचा शोध घेऊन प्रत्येकाची संमती मिळवण्यात २००६ पर्यंतची काही वर्षे गेली. विकिपीडियाने २००९ मध्ये परवाना बदलला तो जुन्या परवान्यातील 'किंवा नंतरची कोणतीही आवृत्ती' या शब्दांच्या आधारे. त्या चार-पाच शब्दांनी लक्षावधी लेखकांची संमती आधीच घेऊन ठेवली होती. मराठी विकिपीडियातील लेखही त्या दिवशी, बहुतेक लेखकांच्या नकळत, नव्या परवान्याखाली गेले. टंकांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. २००२ मध्ये कॉपीराइट मंडळाने 'आनंद एक्स्पांडेड इटालिक्स' या टंकाच्या नोंदणीच्या प्रकरणात टंकाकृतीला प्रताधिकार नाकारला. अक्षराचे रूप कोणाचेच नाही, पण ते पडद्यावर उमटवणारी आज्ञावली मात्र साहित्यकृती, असा विलक्षण भेद त्यातून निष्पन्न होतो.

हक्क सोडून देण्याचा मार्गही कायद्यात आहे. एकविसाव्या कलमानुसार लेखक आपला प्रताधिकार त्यागू शकतो. आधी त्यासाठी निबंधकाकडे विहित नमुन्यात सूचना द्यावी लागे; २०१२ च्या दुरुस्तीने जाहीर सूचनाही पुरेशी ठरवली. कर्नाटकात के. पी. राव यांनी कन्नड कळफलकाची आपली मांडणी सर्वांना मोकळी ठेवली आणि राज्य शासनाने पुरस्कारलेल्या 'नुडी' या आज्ञावलीत तीच आली. कळांच्या मांडणीला प्रताधिकार लागतो काय हा निराळा प्रश्न. पण कायद्याचा कागद न भरता केलेले दान समाजाने दान म्हणून स्वीकारले, हे येथे दिसते. मुक्त परवाना हा असा त्याग नव्हे. त्यात लेखक हक्क राखतो आणि तो राखूनच वाटतो. 'मुक्त', 'मोफत' आणि 'फुकट' या तीन शब्दांतले अंतर मराठीत स्पष्ट आहे. इंग्रजीतील एका शब्दाने केलेला घोटाळा निस्तरण्यात त्या चळवळीची कैक वर्षे गेली. केरळातील गटाने आपल्या नावातच 'स्वतंत्र' हा शब्द घेतला, तो विचारपूर्वक.

बंगळूरच्या स्वयंसेवकाचा खरा पेच सतराव्या कलमात आहे. २००१ मध्ये 'लिनक्स बंगलोर' या नावाने सुरू झालेल्या, २००५ पासून 'फॉस डॉट इन' म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि २०१२ मध्ये थांबलेल्या मेळ्यांना येणारे बहुसंख्य लोक या शहरातील कंपन्यांत नोकरी करणारे होते. दिवसा पगारासाठी लिहायचे, रात्री प्रकल्पासाठी. रात्रीचे लेखन कोणाचे? कलमाचे शब्द 'नोकरीच्या ओघात' असे आहेत, 'नोकरीच्या काळात' असे नाहीत. तेव्हा आपल्या यंत्रावर, आपल्या वेळेत, कामाशी संबंध नसलेल्या विषयावर लिहिलेले लेखकाचेच. पण संगणकक्षेत्रातील नेमणूकपत्रांत नोकरीच्या काळात केलेल्या सर्व निर्मितीवर कंपनीचा हक्क सांगणारी कलमे सर्रास आढळतात, आणि सही करताना ती कोण वाचतो? अशा कलमाखाली सही केलेल्या माणसाने प्रकल्पाला दिलेला भाग त्याने द्यायचाच नव्हता, असे उद्या कोणी म्हणू शकते. शाळामास्तराने रात्री लिहिलेल्या कादंबरीवर शिक्षणसंस्थेने हक्क सांगितल्याचे ऐकिवात नाही. मराठी साहित्यातील किती ग्रंथ नोकरदारांनी रात्री लिहिले आहेत हे आठवले म्हणजे या दोन साहित्यकृतींच्या नशिबांतले अंतर कळते.

ही भीती काल्पनिक नव्हती. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावून आपली मालकीची आज्ञावली लिनक्समध्ये शिरल्याचा आरोप केला. त्यानंतर २००४ पासून लिनक्सच्या गाभ्यात भर घालणाऱ्या प्रत्येकाने 'हे देण्याचा मला अधिकार आहे' असे उगमाचे प्रमाणपत्र प्रत्येक भरीसोबत जोडण्याची प्रथा सुरू झाली. येथे हक्क हस्तांतरित होत नाही. प्रत्येकाचा हक्क प्रत्येकाकडेच राहतो. अमेरिकेतील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने वेगळी वाट धरली होती. आपल्या अनेक प्रकल्पांत भर घालणाऱ्यांकडून तिने लेखी अभिहस्तांकन आणि नियोक्त्याचे ना-हरकत पत्र घेतले, म्हणजे उल्लंघन झाल्यास एकाच वादीला न्यायालयात जाता यावे. या पद्धतीचे बळही मोठे आणि जाचही मोठा. जीसीसी या तिच्या प्रमुख प्रकल्पाने २०२१ मध्ये ही सक्ती सोडली.

प्रकल्प स्वतःच मालक का होत नाही, असा प्रश्न येथे उद्भवेल. उत्तर सरळ आहे: नाव असले म्हणजे कायदेशीर व्यक्तित्व असते असे नाही. नोंदणी न झालेला गट हक्क धारण करू शकत नाही, करार करू शकत नाही. तो भागीदारीही नव्हे, कारण १९३२ च्या भागीदारी कायद्याला नफ्याची वाटणी अभिप्रेत आहे. व्यक्तित्व हवे तर सात जण जमवून कर्नाटकाच्या १९६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवावी, ट्रस्ट करावा, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखाली विनानफा कंपनी काढावी. प्रत्येकात हिशेबतपासणी, वार्षिक विवरणे, पदाधिकारी आलेच. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या परकीय अंशदान कायद्याची नोंदणीही आली. शिवाय संस्था नोंदवली म्हणून आधी लिहिलेल्या आज्ञावलीचे हक्क आपोआप तिच्याकडे येत नाहीत. ते प्रत्येकाने लिहून द्यावे लागतात, आणि कोणी टोपणनावाने लिहून निघून गेला असेल तर लिहून घ्यायचे कोणाकडून? टोपणनावाची कायद्याला अडचण नाही. तेविसावे कलम अशा कृतीला प्रकाशनापासून साठ वर्षे देते. कुसुमाग्रज वा ग्रेस या नावांमागचे गृहस्थ सर्वांना ठाऊक होते, एवढाच फरक.

परवान्याच्या भारतीय वैधतेविषयी एक सूक्ष्म शंका कायद्यातच दडलेली आहे. एकोणिसाव्या कलमानुसार अभिहस्तांकनात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो केवळ भारत असे धरले जाते. तीस-अ कलम ही तरतूद आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लावते. १९९१ ची जीपीएलची दुसरी आवृत्ती मुदतीबद्दल आणि प्रदेशाबद्दल असे काही सांगत नाही. तर मग बंगळूरच्या लेखकाने तिच्याखाली दिलेली आज्ञावली पाच वर्षांनी पुन्हा बंद होते काय? हे कलम गरजू लेखकाचे प्रकाशकापासून रक्षण करण्यासाठी आहे. स्वेच्छेने जगाला दिलेल्या परवान्यावर ते चालवणे म्हणजे कायद्याचा हेतू उलटा करणे होय. परंतु शब्द आहेत ते आहेत. तिसऱ्या आवृत्तीने परवाना प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी व अपरिवर्तनीय असल्याचे स्पष्ट लिहिले, तेव्हा निदान मुदतीपुरती ही फट बुजली.

या तिसऱ्या आवृत्तीच्या मसुद्यावर जगभर चर्चा झाली, त्यातील चौथी आंतरराष्ट्रीय परिषद २३ व २४ ऑगस्ट २००६ रोजी बंगळूरमध्ये भरली. रिचर्ड स्टॉलमन आणि परवान्याचे विधिज्ञ एबेन मोग्लेन दोघेही तेथे बोलले. तौलनिक अभ्यासकाने या मसुद्याकडे भाषांतराचा दस्तऐवज म्हणून पाहावे. 'वितरण' या शब्दाचा अर्थ प्रत्येक देशाच्या कायद्यात निराळा असल्याने तो शब्दच मसुदाकारांनी टाळला आणि कोणत्याही कायद्यात नसलेल्या, 'पोचवणे' व 'प्रसृत करणे' अशा अर्थाच्या, दोन नव्या संज्ञा घडवल्या. म्हणजे अनुवाद टाळण्यासाठी त्यांनी अशी भाषा रचली, जी कोणत्याच कायद्याची मातृभाषा नाही. त्याच वेळी परवान्याच्या इतर भाषांतील अनुवादांना अधिकृत दर्जा देण्यास संस्थेचा नकार कायम आहे. कायदेशीर बळ केवळ इंग्रजी पाठाला. युरोपीय आयोगाने स्वतःच्या सार्वजनिक परवान्याबाबत नेमके उलट केले: २०१७ ची आवृत्ती तेवीस भाषांत असून सर्व पाठ समान प्रमाण आहेत. वीस-बावीस भाषांच्या आपल्या देशात कोणत्याही भारतीय भाषेतील पाठ प्रमाण मानला जावा अशी मागणी प्रबळपणे पुढे आली नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. आपल्या भाषेत आज्ञावली हवी म्हणून राबणाऱ्यांनी आपल्या भाषेत परवाना हवा असे म्हणू नये, यात काहीतरी विसंगत आहे.

हक्क अनेकांत विखुरलेला असताना न्यायालयात जाणाऱ्याला काय सिद्ध करावे लागते, याचे उत्तर जर्मनीतून आले. लिनक्सच्या गाभ्याचे एक रचनाकार क्रिस्टोफ हेलविग यांनी व्हीएमवेअर कंपनीविरुद्ध हॅम्बुर्गमध्ये दावा लावला. २०१६ मध्ये तो फेटाळला गेला, २०१९ मध्ये अपीलही. परवाना मोडला की नाही इथपर्यंत न्यायालय पोहोचलेच नाही. नेमक्या कोणत्या ओळी वादीच्या, त्या प्रतिवादीच्या उत्पादनात कोठे आल्या, आणि त्या स्वतंत्रपणे संरक्षणास पात्र आहेत काय, हे वादीने दाखवावे. आवृत्त्यांच्या भांडारातून ते शोधून काढणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असा निर्वाळा मिळाला. न्यायालयाने मागितली ती पाठचिकित्साच होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी ज्या शिस्तीने प्रतींची वंशावळ लावली गेली, तीच शिस्त येथे आज्ञावलीच्या ओळींना लावायची. फरक इतकाच की प्रत्येक ओळीसमोर तिचा कर्ता आणि दिनांक नोंदवणारी गिट ही व्यवस्था २००५ मध्ये आली. त्यापूर्वीच्या पंधराएक वर्षांचे थर बरेचसे पत्रव्यवहारात विखुरलेले आहेत.

प्रत आणि प्रताधिकार यांतील भेदावर सर्वोच्च न्यायालयाचा जो महत्त्वाचा निर्णय २ मार्च २०२१ रोजी आला, तोही बंगळूरच्याच एका कंपनीच्या नावाने ओळखला जातो: इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस सेंटर. वाद आयकराचा होता. परदेशी आज्ञावलीसाठी दिलेले पैसे हे प्रताधिकाराचे मानधन, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. ग्राहकाला मिळते ती वापराची प्रत, हक्काचा अंश नव्हे, असा हा निर्णय. ग्रंथ विकत घेतला म्हणजे कादंबरी विकत घेतली असे होत नाही, हे वाचकाला शिकवावे लागत नाही. आज्ञावलीच्या बाबतीत ते ठरायला दहा वर्षे लागली. मुक्त परवाना मात्र या विभागणीत पूर्णपणे बसत नाही, कारण तो प्रतीसोबत बदलण्याचा आणि पुन्हा वाटण्याचा अधिकारही देतो.

पैशाचा प्रश्न आला की व्यक्तित्वाचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. २०२४ मध्ये बंगळूरच्या झेरोधा कंपनीने मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. जगाच्या आज्ञावलीवर उभ्या राहिलेल्या एका भारतीय उद्योगाने ऋण मान्य करण्याची ही घटना. पण धनादेश कोणाच्या नावे काढायचा? ज्या प्रकल्पाला संस्था आहे त्याला सोपे. ज्याला नाही, त्याच्या देखभालकर्त्याच्या व्यक्तिगत खात्यात पैसे गेले की ते त्याचे उत्पन्न होते, त्यावर कर लागतो, आणि बाकीच्या चाळीस जणांचे काय हा प्रश्न कायद्याऐवजी मैत्रीवर सोपवला जातो.

शेवटी मुदतीचा हिशेब. रवींद्रनाथांच्या कृती १९९१ च्या अखेरीस मुक्त होणार होत्या म्हणून भारताने प्रताधिकाराची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नासवरून साठ वर्षांवर नेली. एका कवीसाठी लांबवलेली ती मुदत आज प्रत्येक आज्ञावलीलाही लागू आहे. संयुक्त कृतीत ती शेवटच्या जीवित कर्त्याच्या मृत्यूपासून मोजायची. 'ध्वनि' ही एक संयुक्त कृती मानली तर तिच्या सर्व भाषांचे घड्याळ एकच, आणि ते सर्वांत दीर्घायुषी स्वयंसेवकाच्या निधनाने सुरू होईल. घटक वेगळे मानले तर कन्नडचे घड्याळ वेगळे, मलयाळमचे वेगळे, मराठीचे वेगळे. तोपर्यंत प्रत्येक घटकाचे हक्क वारसांकडे जात राहतील, आणि त्या वारसांपैकी बहुतेकांना आपण एका साहित्यकृतीचे मालक आहोत याची कल्पनाही नसेल.